स्लॉपी जो (बीफ): घरच्या घरी, डबा न फोडता

ओहायोकर | शुक्रवार, २१:१४

खिम्याच्या धाग्यावर स्लॉपी जोचा विषय निघाला होता. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. शीर्षकात बीफ लिहिलंय, ज्यांना चालत नाही त्यांनी इथूनच परत फिरावं, राग नाही.

ज्यांनी खाल्लं नसेल त्यांच्यासाठी: बीफचा खिमा, कांदा, हिरवी ढोबळी मिरची, टोमॅटोचा आंबटगोड दाट सॉस, आणि हे सगळं हॅम्बर्गरच्या मऊ बनमध्ये. खाताना थोडं सांडतंच. आमच्या मिडवेस्टात शाळेचं कॅफेटेरिया, चर्चची जेवणं, मुलांच्या टीमची पार्टी, सगळीकडे हा हजर. हॉटेलात मात्र शोधावा लागतो. मुळात घरचा पदार्थ आहे, आणि घरी बहुतेक लोक हंट्स कंपनीच्या मॅनविच या तयार सॉसचा डबा फोडतात. १९६९ पासून तो डबा बाजारात आहे, त्यामुळे दोन पिढ्यांना स्लॉपी जोची चव म्हणजे त्या डब्याचीच चव वाटते. माझ्या मते तो नको तितका गोड असतो.

पण डब्याला शिव्या देण्याआधी एक गोष्ट. घरचा सॉस करूनही पदार्थ फसतो, कारण मांस परतलं जात नाही, उकडलं जातं. थंडगार खिमा लहान पॅनमध्ये टाकला, लगेच ढवळायला सुरुवात केली, की पाणी सुटतं आणि सगळं करडं होऊन बसतं. मग त्यावर कितीही महागाचा सॉस ओता.

मी असं करतो. एक पाउंड (साधारण ४५४ ग्रॅम) खिमा, ८५/१५ चा, म्हणजे १५ टक्के चरबीचा. बिडाचा रुंद तवा चांगला तापवायचा, खिमा एकाच थरात पसरून दाबायचा आणि तीन-चार मिनिटं हात लावायचा नाही. खालून गडद तपकिरी कवच आलं की उलथन्याने मोठे तुकडे करून उलटायचे. दुसरी बाजूही तशीच. मग तुकडे फोडायचे. पावभाजीची भाजी ठेचायला जो मॅशर वापरतो तोच घ्यावा, कण हवे तितके बारीक होतात. खिमा ताटात काढायचा आणि तव्यात चमचाभर चरबी ठेवून बाकीची रिकाम्या डब्यात ओतायची. सिंकमध्ये नाही!

त्याच तव्यात एक मध्यम कांदा आणि अर्धी ढोबळी मिरची, दोन्ही बारीक चिरून, मीठ घालून मऊ होईपर्यंत. ही पायरी टाळू नका. टोमॅटो आधी पडला तर त्याच्या आंबटपणामुळे कांदा नीट शिजत नाही, तासाभरानेही दाताखाली कचकच येतो. मग तीन पाकळ्या लसूण, दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट. पेस्ट विटेच्या रंगाची होऊन तेल सुटेपर्यंत परतायची. ते आपल्याला शिकवायला नको.

आता खिमा परत आत, आणि: एक कप साधा टोमॅटो सॉस (८ औंसांचा छोटा डबा), अर्धा कप केचप, एक मोठा चमचा वूस्टरशर सॉस, एक मोठा चमचा ब्राउन शुगर, एक छोटा चमचा पिवळी मोहरी (दाणे नाही, बाटलीतला मस्टर्ड सॉस), दोन छोटे चमचे सायडर व्हिनेगर, एक छोटा चमचा चिली पावडर, मिरपूड. तव्याला चिकटलेलं सगळं खरवडून घ्यायचं, खरी चव त्यातच असते. मंद आचेवर १५-२० मिनिटं, झाकण न ठेवता. उलथन्याने मधून रेघ ओढली आणि ती दोन-तीन सेकंद बुजली नाही की झालं. चार-पाच बन भरतात.

फोटो नाहीत. सॉसमध्ये हात असताना फोन कोण धरणार.

पुदिना | शुक्रवार, २१:५०

छान लिहिलंय. पण प्रामाणिकपणे सांगू का, हा खिमा पावच की! केचप घातलेला.

ओहायोकर | शुक्रवार, २२:०५

हे कोणीतरी म्हणणार हे ठाऊक होतं :) खिम्यात आपण मसाला परततो आणि मांस त्या मसाल्यात, स्वतःच्याच पाण्यात शिजवतो. तिथे खालून कवच यावं अशी अपेक्षाच नाही. शिवाय खिम्याला पाव बाजूला असतो, तोडून लावून खायचा. इराण्याकडे रस्सा पातळ आला तरी कोणी तक्रार करत नाही, पाव बुडवतो. इथे सगळा ऐवज बनच्या पोटात जाणार, म्हणून सॉसचा दाटपणा हाच कळीचा मुद्दा. आणि गोड, आंबट, खारट असा तोल आहे, गरम मसाल्याला जागा नाही.

पुदिना | शुक्रवार, २२:११

बरं बाबा. चिली पावडर म्हणजे आपलं लाल तिखटच ना?

ओहायोकर | शुक्रवार, २२:१३

नाही नाही! बरं झालं विचारलंस. अमेरिकन चिली पावडर हे मिश्रण असतं: सौम्य लाल मिरची, जिरं, ओरेगॅनो, लसूण पावडर. लाल तिखट घेणार असाल तर पाव छोटा चमचा आणि सोबत अर्धा चमचा जिरेपूड. घरी संकेश्वरी असेल तर त्याहूनही कमी.

मक्याचं_शेत | शुक्रवार, २३:३०

आयोवातून हजेरी लावतेय. धागा आवडला, पण केचपचा एवढा उदोउदो पाहून राहवलं नाही. आमच्याकडे याचा मोठा भाऊ मिळतो, लूज मीट सँडविच. यात टोमॅटो नाहीच. खिमा, कांदा, थोडं पाणी किंवा स्टॉक, मीठ-मिरी, बस. वाफवलेल्या बनमध्ये भरायचं, वर पिवळी मोहरी, लोणच्यातल्या काकडीच्या चकत्या आणि चिरलेला कच्चा कांदा. सोबत चमचा देतात, कारण अर्धा खिमा ताटातच पडलेला असतो.

मस्कटीन गावात फ्रेड एंजेल नावाच्या खाटकाने १९२६ मध्ये मेड-राइट हे लूज मीटचं दुकान सुरू केलं, त्याच्या शाखा अजून आहेत. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सू सिटीकडे, याच सँडविचला टॅव्हर्न म्हणतात आणि तेही १९२० च्याच दशकातलं. जो नावाच्या कुठल्याशा आचाऱ्याने एक दिवस यात टोमॅटो सॉस ओतला आणि स्लॉपी जो जन्मला, ही गोष्ट इथे सगळे सांगतात. पुरावा कोणी दाखवत नाही.

तुझी खरपूस परतायची पद्धत इथल्या आज्यांना पटणार नाही हां. लूज मीटमध्ये खिमा मुद्दाम मऊ ठेवतात, पाण्यातच मोकळा करतात. कवच आलं तर ते चुकलं असं समजतात.

ओहायोकर | शनिवार, ०७:४०

लूज मीटला मान्य. तिथे चव मांसाची आणि कांद्याची, झाकायला काही नाही. पण इतका सॉस घालायचा तर खाली काहीतरी भक्कम हवं, नाहीतर केचपच केचप लागतं.

चर्चमधल्या बायका चिकन गंबो सूपचा डबा घालतात ते तुझ्याकडेही आहे का?

मक्याचं_शेत | शनिवार, ०८:०२

आहे ना! कॅम्पबेलचा डबा, थोडं केचप, थोडी मोहरी, झालं. सुपातली भेंडी आणि भात खिम्याला धरून ठेवतात. नाक मुरडण्याआधी खाऊन बघा लोकहो. पोटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) रिकामं होणारं पहिलं भांडं हेच असतं. काही घरांत मूठभर ओट्सही घालतात, पुरवठ्याला येतं आणि जादाचा रस शोषून घेतं.

जर्सीची_सून | शनिवार, ०९:१५

तुम्ही सगळे कशाबद्दल बोलताय? :अओ: आमच्या इथे स्लॉपी जो मागितला तर थंडगार तीनमजली सँडविच येतं. राय ब्रेडचे पातळ लांब काप, मध्ये दोन प्रकारचं मांस (हॅम, टर्की, टंग म्हणजे जीभ, रोस्ट बीफ, जे सांगाल ते), स्विस चीज, कोलस्लॉ (कोबीची थंड कोशिंबीर) आणि रशियन ड्रेसिंग. साउथ ऑरेंजची टाउन हॉल डेली म्हणते की १९३० च्या दशकात आम्हीच ते सुरू केलं. शेजारच्या मेपलवुडचे एक नेते हवानाला जाऊन आले, तिथल्या स्लॉपी जोज बारमध्ये तसलं काही खाल्लं आणि डेलीवाल्याला करायला सांगितलं, अशी कहाणी आहे.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी (त्या इथल्याच) स्लॉपी जोची थाळी मागवली आहे म्हटल्यावर मी बोटं चाटायच्या तयारीत बसले होते. आलं ते कोलस्लॉ!

चष्मेबहाद्दर | शनिवार, ०९:४८

हवानाचा तो बार खरा आहे. मालक होसे नावाचा स्पॅनिश माणूस, त्यावरून जो. अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात तहानलेले अमेरिकन तिथे गर्दी करायचे. फ्लोरिडातल्या की वेस्टच्या बारने नाव तिथूनच उचललं, लेखक हेमिंग्वे तिथलं गिऱ्हाईक. हवानाचा बार पुढे अनेक वर्षं बंद होता, २०१३ मध्ये परत उघडला. म्हणजे दावेदार आयोवा, हवाना, की वेस्ट आणि जर्सी. पानिपतावरसुद्धा इतके पक्ष नसतील.

गावकुसाबाहेर | शनिवार, १०:२०

मराठी मंडळींच्या जागेवर आता बीफच्या पाकृ? कमाल आहे. उद्या आणखी काय काय वाचावं लागणार.

जर्सीची_सून | शनिवार, १०:२४

वाचावं लागणार कसं काय? शीर्षकात कंसात लिहिलंय. तरी उघडलात, खाली दहा प्रतिसाद स्क्रोल केलेत आणि मग दुखावलात.

वसईचा_वारा | शनिवार, ११:०५

गावकुसाबाहेर, आम्हीही मराठीच. वसईतल्या ख्रिस्ती घरांत मोठ्याचं मटण पिढ्यान्‌पिढ्या शिजतंय आणि घरात बोलतोही मराठीच, आमच्या बोलीतली. तुम्ही खाऊ नका, पण 'मराठी मंडळी' म्हणताना आम्हाला बाहेर बसवू नका एवढंच. पुढे चालू.

महाराष्ट्रात राहून हे करायचं असेल तर: २०१५ पासून इथे गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशी-रेड्याला ती लागू नाही. म्हणजे आमच्याकडे जे मिळतं ते म्हशीचं. रंगाला जास्त गडद, चरबी कमी, तंतू जाड. खाटकाकडून दोनदा यंत्रातून काढून घ्या, एकदा काढलेला खिमा बनमध्ये चावताना त्रास देतो. तव्यात दोन चमचे तेल जास्तीचं. आणि ओहायोकरांची १५-२० मिनिटं पुरणार नाहीत. परतून झाल्यावर पाऊण कप पाणी घालून झाकण ठेवून अर्धा तास मंद शिजवा, मग झाकण काढून आटवा.

मी शेवटी चमचाभर बाटली मसाला (आमच्याकडचा मिश्र मसाला) घालतो.

ओहायोकर | शनिवार, ११:३०

म्हशीची माहिती फार उपयोगी, धन्यवाद. बाटली मसाल्याला मात्र तीव्र निषेध. तीसेक जिन्नस असतात त्यात, मग स्लॉपी जो राहिला कुठे?

वसईचा_वारा | शनिवार, ११:३३

पोटात.

पुदिना | शनिवार, ११:३५

=)) =))

सुगरण_नव्हे | शनिवार, १३:१०

मी नुकतीच एमएससाठी आलेय. एक हॉटप्लेट, एक नॉनस्टिक पॅन, रूममेट गुजराती (ती खात नाही, पण मी केलेलं चालतं). डबा स्वस्त पडतो. डबा वापरून काही सुसह्य होईल का? आणि खिमा घेताना इतके आकडे दिसतात, त्यातला कुठला?

ओहायोकर | शनिवार, १३:४२

होईल की. डबा वापरलास म्हणून कोणी हसणार नाही. त्याची गोडी मोडायची एवढंच काम: कांदा परतून घे, एक छोटा चमचा व्हिनेगर, थोडी मोहरी, भरपूर मिरपूड. टोमॅटो पेस्ट असेल तर चमचाभर परतून टाक. साखर अजिबात नको, आत हवी त्याहून जास्त आहे.

आकडे म्हणजे मांस आणि चरबीचं प्रमाण. ७३/२७ सगळ्यात स्वस्त, पण एवढी चरबी गळून जाते की पॅनमध्ये उरतं तेवढ्याचा हिशेब केला तर स्वस्त राहत नाही. ९३/७ कोरडं पडतं. ८०/२० किंवा ८५/१५ घे. हॉटप्लेटची आच कमी असते, म्हणून अर्धा-अर्धा पाउंड दोनदा परत. नॉनस्टिक रिकामा फार तापवू नकोस.

मक्याचं_शेत | शनिवार, १४:००

@सुगरण_नव्हे, आच कमी असेल तर एक युक्ती. एक पाउंड खिम्याला पाव छोटा चमचा खायचा सोडा चमचाभर पाण्यात विरघळवून चोळायचा आणि १५ मिनिटं ठेवायचा. सोड्याने मांसाची आम्लता उतरते, प्रथिनं आवळून पाणी पिळून टाकत नाहीत आणि रंगही लवकर धरतो. पाव चमच्याच्या वर गेलात तर साबणासारखं लागतं, हात आवरा.

अळूचं_फदफदं | शनिवार, १५:२६

आम्ही बीफ खात नाही, टर्कीचं करून बघायचं आहे. चालेल? आणि त्या वूस्टरशर सॉसला पर्याय?

ओहायोकर | शनिवार, १६:०१

चालेल. इथे कितीतरी घरांत टर्कीचंच होतं. नुसत्या ब्रेस्टचा खिमा घेऊ नका, भुसा होतो. मांडीचं मिसळलेला घ्या. तेल चमचाभर जास्त, आणि टर्कीला स्वतःची चव बेताची म्हणून सोया सॉसचे काही थेंब. शिजण्याबाबत टर्की ७४ अंश सेल्सिअसपर्यंत जायला हवी, बीफच्या खिम्याला ७१. सॉसमध्ये रटरटल्यावर दोन्ही सहज पार होतात, थर्मामीटर घेऊन उभं राहायची गरज नाही.

वूस्टरशर: ली अँड पेरिन्सच्या बाटलीवरची यादी वाचा. व्हिनेगर, मळी, अँकोव्ही मासे आणि चक्क चिंच! त्यामुळे घरात नसेल तर एक छोटा चमचा चिंचेचा कोळ, चिमूटभर गूळ आणि सोया सॉस. बऱ्यापैकी जवळ जातं. शाकाहारी पाहुण्यांना मात्र खरी बाटली नकळत घालू नका, मासे आहेत त्यात.

अळूचं_फदफदं | शनिवार, १६:०९

चिंच! चला, मग अर्धी लढाई जिंकली. शाकाहारी नवऱ्यासाठी अख्ख्या मसूराचं करीन म्हणते.

ओहायोकर | शनिवार, १६:१५

मसूर आधी वेगळा शिजवून घ्या, थोडा कमीच. आंबट सॉसमध्ये तो पुढे मऊ होत नाही.

कुरकुरे_काका | शनिवार, १८:४४

सगळं ठीक, पण बनबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या मते निम्मा स्लॉपी जो बनमध्ये आहे. स्वस्तातला पांढरा बन दोन मिनिटांत लगदा होतो. ब्रिओश (लोणी-अंड्याचा बन) दिसायला छान, पण आधीच गोड, त्यात हा सॉस गोड, म्हणजे शिरा-पुरी. बटाट्याचे बन घ्या, मऊ असून धरून ठेवतात. आतल्या बाजूला लोणी लावून तव्यावर चांगले तांबूस भाजा, कडेपर्यंत. भाजलेल्या थरामुळे रस लगेच आत मुरत नाही.

आणि वर काकडीच्या आंबट लोणच्याच्या चकत्या हव्यातच. त्या नसतील तर मला बोलावू नका.

मक्याचं_शेत | शनिवार, १८:५८

काकांना अनुमोदन. बाजूला टेटर टॉट्स (किसलेल्या बटाट्याचे छोटे कुरकुरीत गोळे). सांडलेला खिमा त्यांनीच पुसून खायचा असतो.

जर्सीची_सून | शनिवार, १९:३०

येत्या शनिवारी मुलीची टीम घरी येणार आहे, मोठी-छोटी धरून पंचवीस माणसं. स्लो कुकरमध्ये करता येईल का? कोलस्लॉवाला जर्सी प्रकार मुलं खात नाहीत, असो.

ओहायोकर | शनिवार, २०:१२

येईल. एका पाउंडात चार-पाच बन, मुलं एक खातील, मोठी माणसं दोन. सहा-सात पाउंड धर. परतणं मात्र तव्यावरच, एका वेळी एक ते दीड पाउंड. कंटाळवाणं आहे, पण आदल्या रात्री उरकता येतं. स्लो कुकरमध्ये वाफ बाहेर जात नाही, म्हणून टोमॅटो सॉस पाव भागाने कमी कर, नाहीतर सूप होईल. साखर आणि व्हिनेगर सरळ सातपट करू नकोस. पाचपट घाल, चाखून वाढव.

आदल्या रात्री केलंस तर उथळ भांड्यांत पसरून गार कर आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी गॅसवर उकळी आणून मगच स्लो कुकरमध्ये, 'वॉर्म'वर. थंड मिश्रण थेट त्यात तापवायला ठेवू नकोस, फार वेळ कोमट राहतं. ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं पाहिजे.

मक्याचं_शेत | शनिवार, २०:२०

आणि बन आधी भरून ठेवू नकोस. कुकरशेजारी बनची थाळी, लोणच्याचा बाउल, मोठा चमचा. ज्याचं त्याने भरावं. टेबलावर वर्तमानपत्र पसर, आणि पांढरे टीशर्ट घालून येऊ नका असा निरोप आधीच धाड.

सुगरण_नव्हे | रविवार, १३:२०

केलं! डब्याचंच, पण काकांच्या सांगण्यावरून बन भाजले आणि मक्याच्या शेतकाकूंचा सोडा वापरला. रंग खरंच आला. रूममेट वासानेच विचारत होती काय आहे म्हणून, तिला उरलेला भाजका बन आणि लोणचं दिलं. खिमा अर्धा उरलाय. किती दिवस टिकेल?

मक्याचं_शेत | रविवार, १३:४१

फ्रीजमध्ये तीन-चार दिवस. फ्रीझरमध्ये तीन-चार महिने, पण झिपच्या पिशवीत भरून चपटा करून ठेव, म्हणजे हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो. आणि मी काकू नाही गं, तुझ्याहून फार तर पाच वर्षांनी मोठी असेन.

वसईचा_वारा | रविवार, १४:०५

उरलेल्यात बाटली मसाला घाल आणि सामोसे कर.

ओहायोकर | रविवार, १४:०७

ॲडमिन, यांना आवरा.